विश्लेषण : पैसे कापले, पण व्यवहार अयशस्वी! या गोंधळावर उत्तर शोधणारे जिम ग्रे कोण होते?

दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, स्क्रीनवरची चकरी फिरत राहिली आणि शेवटी व्यवहार अयशस्वी झाल्याचा संदेश आला. तोवर बँकेचा एसएमएसही येऊन धडकला, खात्यातून ८५० रुपये वजा. दुकानदाराच्या साउंडबॉक्समधून मात्र काहीच आवाज नाही. मागे रांग वाढतेय. आता पुन्हा पैसे पाठवायचे, की थांबायचे?

हा अनुभव बहुतेक प्रत्येक स्मार्टफोनधारकाने एकदा तरी घेतला आहे. त्यामागचा प्रश्न मात्र स्मार्टफोनपेक्षा खूप जुना आहे. एका खात्यातून रक्कम वजा करणे आणि दुसऱ्यात जमा करणे, या दोन कामांच्या मधल्या क्षणात संगणक बंद पडला, वीज गेली किंवा तार तुटली तर काय? हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर धरून ठेवला, त्याचे नाव जिम ग्रे. इंजिनीअरिंगला डेटाबेसचा पेपर दिलेल्या प्रत्येकाने ‘ॲसिड’ गुणधर्म पाठ केलेले असतात. चार गुणांचा हमखास प्रश्न! पण त्यामागच्या माणसाविषयी वर्गात सहसा कोणी बोलत नाही. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर आजच्या वेब ॲपमधला कोड चूक कशी हाताळतो आणि कुठे घसरतो, हेही समजते.

रोम ते बर्कली

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील अमेरिकी लष्करात, आई शिक्षिका. वडिलांची नेमणूक रोमला झाल्यामुळे जिम यांची पहिली तीन-एक वर्षे तिथेच गेली. इंग्रजीच्या आधी ते इटालियन बोलायला शिकले. पुढे कुटुंब अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात आले, आईवडील विभक्त झाले आणि आईसोबत जिम सॅन फ्रान्सिस्कोला परतले. वडिलांना शोध लावण्याचा नाद होता. टाइपरायटरच्या रिबनसाठी त्यांनी केलेल्या एका रचनेचे पेटंट घेतले गेले आणि त्यातून चांगले मानधनही मिळत राहिले.

जिम यांना हवाई दलाच्या अकादमीत जायचे होते, पण प्रवेश नाकारला गेला. मग १९६१मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत दाखल झाले. खर्च भागवण्यासाठी जनरल डायनॅमिक्स कंपनीत काम केले, मध्येच शिक्षण सोडून सहा महिने उद्योगातली नोकरी करून पाहिली, ती अजिबात रुचली नाही आणि परत आले. १९६६मध्ये गणित आणि अभियांत्रिकीची पदवी, थोडा काळ बेल लॅब्ज, पुन्हा बर्कली आणि १९६९मध्ये पीएचडी. बर्कलीच्या संगणकशास्त्र विभागाने दिलेली ती पहिली पीएचडी मानली जाते. विषय होता संगणकीय भाषांच्या व्याकरणाचा सिद्धान्त. डेटाबेसशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

आयबीएममध्ये नेमके काय घडले?

१९७०मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची रिलेशनल कल्पना मांडली होती. कागदावर ती देखणी होती. ती प्रत्यक्षात चालते का, हे पाहण्यासाठी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टीम आर’ हा प्रकल्प उभा राहिला. आज जगभर वापरली जाणारी एसक्यूएल भाषा याच प्रकल्पातली. डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तिची रचना केली. ग्रे यांच्या वाट्याला आला तो बाहेरून न दिसणारा भाग. एकाच वेळी शेकडो लोक तीच माहिती वाचत आणि बदलत असतील, मधूनच यंत्र बंद पडत असेल, तरी हिशेब बरोबर कसा राहील?

त्यांच्या उत्तराचा गाभा म्हणजे ट्रान्झॅक्शन, म्हणजेच व्यवहार. अनेक छोट्या कामांची एक मोट बांधायची. मोट पूर्ण झाली तर ‘कमिट’, म्हणजे शिक्कामोर्तब. मध्ये काहीही बिघडले तर ‘रोलबॅक’, म्हणजे सुरुवातीपासून काही घडलेच नव्हते अशी स्थिती. अर्धवट अवस्था बाहेरच्या कुणालाही दिसता कामा नये. ही कल्पना कराराच्या कायद्यातून येते, असे ग्रे यांनी १९८१च्या आपल्या निबंधात मांडले. दोन पक्ष घासाघीस कितीही करोत, सही होईपर्यंत कुणी बांधील नसतो आणि सही झाल्यावर कुणाला मागे फिरता येत नाही.

त्याच निबंधात आणखी एक मुद्दा आहे आणि तो आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या पेढीवरच्या दिवाणजींना लगेच पटला असता. पक्की झालेली नोंद खोडायची नसते. चूक झाली असेल तर उलटी नोंद करून ती दुरुस्त करायची, म्हणजे वहीत मूळ चूकही दिसते आणि दुरुस्तीही. यूपीआयमध्ये अडकलेले पैसे परत येतात तेव्हा स्टेटमेंटमध्ये ‘रिव्हर्सल’ अशी वेगळी ओळ दिसते. ८५० रुपये वजा झाल्याची मूळ ओळ पुसली जात नाही. कारण हेच.

यंत्र बंद पडल्यावर काय पूर्ण झाले होते आणि काय अर्धवट होते, हे कळणार कसे? त्यासाठी लॉग. मूळ माहितीत बदल करण्याआधी काय बदलणार आहोत, हे एका स्वतंत्र फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवायचे. यंत्र पुन्हा सुरू झाले की ही रोजकीर्द वाचायची. शिक्का बसलेले व्यवहार पुन्हा करायचे, शिक्का न बसलेले उलटे फिरवायचे. आज पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल, मायएसक्यूएलच्या इनोडीबीसारखे सर्व मोठे डेटाबेस या तत्त्वावर चालतात. गंमत म्हणजे सिस्टीम आरमध्ये लॉगबरोबर ‘शॅडो पेज’ नावाची दुसरी पद्धतही वापरली होती. मोठ्या आणि अनेकांनी वापरायच्या फाइलसाठी ती निवड योग्य नव्हती, हे ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९८१च्या शोधनिबंधात स्वतःच लिहून टाकले. आपल्याच प्रकल्पातल्या उणिवा इतक्या मोकळेपणाने छापणारे संशोधक कमीच.

दोन टॅब, एक शिल्लक

१९७६मध्ये ग्रे आणि त्यांचे सहकारी रेमंड लोरी, फ्रँको पुत्झोलू आणि आयर्व्हिंग ट्रेगर यांनी कुलुपांवर, म्हणजे लॉकवर शोधनिबंध लिहिला. कुलूप कशाला लावायचे? पूर्ण तक्त्याला लावले तर सगळे खोळंबतात. एकेका ओळीला लावले तर कुलुपे सांभाळण्यातच यंत्र दमते. त्यांनी दोन्हींचा मेळ घातला आणि सोबत सुसंगततेच्या पायऱ्या आखून दिल्या. जितकी कडक पायरी, तितकी सुरक्षितता जास्त आणि वेग कमी.

आज वेब ॲप लिहिणाऱ्या बहुतेकांना आपला डेटाबेस कोणत्या पायरीवर चालतो, हे ठाऊक नसते. पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल मुळात ‘रीड कमिटेड’वर असतात, मायएसक्यूएल ‘रिपीटेबल रीड’वर. फरक पडतो का? समजा, खात्यात १,००० रुपये आहेत. दोन टॅबमधून एकाच वेळी ८०० रुपयांची खरेदी होते. दोन्ही विनंत्या आधी शिल्लक वाचतात, दोघींनाही १,००० दिसतात, दोन्ही ८०० वजा करून २०० लिहितात. दुकानातून १,६०० रुपयांचा माल गेला, खात्यात २०० उरले. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही, एक्सेप्शन नाही. माझ्या मते वेब कोडमधली सर्वात महागडी चूक हीच, कारण ती ओरडत नाही. उपाय साधा आहे. वाचतानाच त्या ओळीला कुलूप लावायचे, किंवा शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर अशी अट एकाच आज्ञेत घालायची.

कुलूप आले की कोंडीही आली. एका व्यवहाराने पहिल्या ओळीला कुलूप लावले आणि तो दुसरीची वाट पाहतोय. दुसऱ्याने दुसरीला कुलूप लावले आणि तो पहिलीची वाट पाहतोय. याला डेडलॉक म्हणतात. डेटाबेस ही कोंडी ओळखतो, दोघांपैकी एकाचा बळी देतो आणि त्याच्या कोडकडे एरर पाठवतो. मायएसक्यूएलमध्ये तिचा क्रमांक १२१३. हा बिघाड नाही. डेटाबेस सांगत असतो की तुमचा व्यवहार मी पूर्ण मागे घेतला आहे, आता पहिल्यापासून करा. तरीही कित्येक संकेतस्थळांचा कोड ही एरर थेट ग्राहकाच्या तोंडावर फेकतो. काहीतरी चुकले, नंतर प्रयत्न करा! खरे तर कोडने अर्धा सेकंद थांबून स्वतःच पुन्हा प्रयत्न केला असता, तर ग्राहकाला पत्ताही लागला नसता. मात्र प्रयत्न पूर्ण व्यवहाराचा करावा लागतो, फक्त शेवटच्या आज्ञेचा नाही. नेमके इथे अनेक जण चुकतात.

ॲसिड हा शब्द कुणाचा?

ॲटॉमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन आणि ड्युरेबिलिटी यांची आद्याक्षरे जोडून ‘ॲसिड’ हा शब्द ग्रे यांनी बनवला, असा समज आहे. तो बरोबर नाही. १९८३मध्ये थिओ हार्डर आणि आंद्रेआस रॉयटर या जर्मन संशोधकांनी तो रूढ केला. कल्पनांचा मोठा भाग मात्र ग्रे आणि सिस्टीम आरच्या चमूने घडवलेला होता. पुढे याच रॉयटर यांच्यासोबत ग्रे यांनी व्यवहार प्रक्रियेवर हजारभर पानांचा ग्रंथ लिहिला. तो आजही या विषयाचा आधार मानला जातो.

दोन वेगवेगळ्या संगणकांवर पसरलेला व्यवहार कसा पूर्ण करायचा, याची ‘टू फेज कमिट’ ही रीत ग्रे यांनी १९७८च्या टिपणांत सविस्तर मांडली. आधी सगळ्यांना विचारायचे की तयार आहात का. सगळ्यांनी होकार दिला तरच शिक्का. लग्न लावणारा पाद्री आधी वर आणि वधू दोघांची संमती विचारतो आणि मगच विवाह झाल्याचे जाहीर करतो, त्याच चालीने. त्यातली अडचणही उघड आहे. सगळे हो म्हणाले आणि पाद्रीच बेशुद्ध पडला, तर बाकीचे ताटकळत उभे!

टँडम : संगणक का थांबतात?

१९८०मध्ये ग्रे यांनी आयबीएम सोडले. जाताना संशोधकांना पुरेशी संगणकशक्ती मिळत नसल्याची तक्रार करणारा एक मेमो त्यांनी मागे ठेवला. मग ते टँडम कॉम्प्युटर्समध्ये गेले. ही कंपनी न थांबणारे संगणक विकत असे. प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी, एक बंद पडला तर दुसरा काम उचलणार. बँका, एटीएमची जाळी, शेअर बाजार हे तिचे ग्राहक. म्हणजे आपल्या कल्पना खऱ्या पैशांवर पारखून घ्यायची जागा ग्रे यांना मिळाली.

१९८५मध्ये त्यांनी तिथे एक तांत्रिक अहवाल लिहिला. संगणक का थांबतात आणि त्यावर काय करता येईल, हाच त्याचा विषय. ग्राहकांकडच्या २,०००हून अधिक यंत्रणांमधले सात महिन्यांतले बिघाड त्यांनी तपासले. नवख्या भागांचे सुरुवातीचे बिघाड वगळल्यावर चित्र असे होते. सुमारे ४२ टक्के वेळा कारण होते माणसाने केलेले संचालन, मांडणी किंवा देखभाल. २५ टक्के वेळा सॉफ्टवेअर. हार्डवेअर केवळ १८ टक्के. वीज, वातानुकूलन, दळणवळण यांसारखी बाहेरची कारणे १४ टक्के. यंत्राचे भाग दुहेरी करून हार्डवेअरचा प्रश्न बराचसा सुटला होता. उरला होता तो माणूस आणि त्याने लिहिलेला कोड. चाळीस वर्षे झाली. आजही एखाद्या मोठ्या सेवेचा खोळंबा झाला की चौकशीत बऱ्याचदा चुकीची मांडणी किंवा घाईने चढवलेला बदलच निघतो.

याच अहवालात ‘बोरबग’ आणि ‘हायझेनबग’ ही जोडी येते. बोर यांच्या अणूसारखा ठोस, पुन्हा पुन्हा त्याच जागी सापडणारा दोष म्हणजे बोरबग. हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेसारखा, पाहायला गेले की पळून जाणारा दोष म्हणजे हायझेनबग. एका सॉफ्टवेअरच्या नोंदींमधल्या १३२ दोषांपैकी फक्त एकच बोरबग निघाला, असे ग्रे यांनी नोंदवले. बाकीच्या वेळी काम पुन्हा सुरू केल्यावर दोष नाहीसा झाला होता. तपासून निघालेल्या सॉफ्टवेअरमध्ये ठोस दोष आधीच पकडले जातात. उरतात ते योगायोगाने, क्षणिक गर्दीत उपटणारे. म्हणून ग्रे यांनी सुचवले की बिघाड झाल्याचे कळताच काम लगेच थांबवा, व्यवहार मागे घ्या आणि स्वच्छ स्थितीतून पुन्हा सुरू करा. अर्धवट बिघडलेल्या अवस्थेत रेटत राहणे सर्वात धोक्याचे.

मग आजचा कोड काय करतो?

ग्रे यांचा सल्ला आजच्या भाषेत आणायचा, तर एरर आली की पहिला प्रश्न विचारायचा तो तिच्या जातीचा. डेडलॉक, क्षणभर तुटलेली जोडणी, गर्दीमुळे आलेला टाइमआउट या क्षणिक जातीच्या. त्यांवर थोडे थांबून, प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत, मोजके प्रयत्न करायचे. थांबायचा काळ थोडा विस्कळीतही ठेवायचा. नाहीतर हजारो मोबाइल एकाच क्षणी पुन्हा धडकतात आणि नुकताच सावरलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो. दुसरी जात ठोस. एसक्यूएलचे वाक्यच चुकले आहे, तक्त्यात तो रकानाच नाही, एकमेव असायला हवा तो मोबाइल क्रमांक आधीच नोंदलेला आहे. हे शंभर वेळा करून पाहिले तरी उत्तर तेच. पोस्टग्रेएसक्यूएल अशा दुबार नोंदीला २३५०५ हा संकेत देते, डेडलॉकला ४०पी०१. संकेत वेगळे आहेत ते वेगळे वागता यावे म्हणूनच. पण सगळ्या एक्सेप्शन एकाच ‘कॅच’मध्ये कोंबणारा कोड हा फरक पुसून टाकतो.

त्याहून वाईट म्हणजे रिकामा कॅच. एरर आली, पकडली, काहीच केले नाही, पुढे चला. कोड लिहिणाऱ्याला वाटते, ॲप कोसळले नाही म्हणजे जिंकलो. प्रत्यक्षात ऑर्डर नोंदली गेली आणि साठ्यातून वस्तू कमीच झाली नाही. भर म्हणजे अनेक जोडण्या मुळात ‘ऑटोकमिट’वर असतात. जावाच्या जेडीबीसीमध्ये आणि मायएसक्यूएलमध्ये तेच आहे. म्हणजे तुम्ही वेगळे सांगितले नाही, तर प्रत्येक आज्ञेवर लगेच शिक्का. मोट बांधलीच नाही, तर मागे घेणार काय?

एरर आल्यावर रोलबॅक करून जोडणी परत करायला विसरणे, ही आणखी एक नेहमीची गफलत. डेटाबेसच्या जोडण्या मोजक्या असतात आणि त्या आळीपाळीने वापरल्या जातात. प्रत्येक एररमागे एक जोडणी अडकत गेली की तासाभरात संपूर्ण संकेतस्थळ ठप्प होते. मूळ एरर मात्र कुठल्यातरी आडबाजूच्या पानावरची असते. तसेच डेटाबेसचा मूळ संदेश ग्राहकाला दाखवणेही टाळायला हवे. त्यात तक्त्यांची, रकान्यांची नावे असतात आणि घुसखोराला ती आयतीच मिळतात. मूळ संदेश आपल्या लॉगमध्ये, ग्राहकाला साधे वाक्य आणि संदर्भ क्रमांक, ही बरी पद्धत.

आता सुरुवातीचा प्रश्न. सर्वात अवघड एरर कोणती? शिक्का मारण्याची आज्ञा डेटाबेसकडे गेली आणि उत्तर यायच्या आत जोडणी तुटली. शिक्का बसला की नाही, हे कोडला माहीतच नाही. पुन्हा केले तर पैसे दोनदा जातील, सोडून दिले तर कदाचित एकदाही जाणार नाहीत. इथे कोणतेही ट्राय-कॅच पुरत नाही. प्रत्येक व्यवहाराला आधीच एक वेगळा क्रमांक द्यावा लागतो आणि त्या क्रमांकाचा व्यवहार झाला का, हे आधी विचारावे लागते. तोच क्रमांक पुन्हा आला, तर डेटाबेसने नवे काही न करता जुनेच उत्तर द्यायचे. यूपीआयच्या पावतीवर दिसणारा १२ अंकी क्रमांक म्हणूनच जपून ठेवण्यासारखा. आणि व्यवहार प्रलंबित दिसत असेल, तर लगेच पुन्हा पैसे पाठवण्यापेक्षा त्याची स्थिती तपासणे शहाणपणाचे.

दोन बँका, मधला दुवा आणि दोन ॲप यांच्यावर एकच कुलूप लावून ठेवणे परवडणारे नाही. त्यामुळे तिथे आधी वजा, मग जमा आणि जमा फसले तर उलट नोंद, असा मार्ग असतो. ही उलट नोंद किती दिवसांत व्हावी, हे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात ठरवून दिले आहे. यूपीआयने व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परतावा. दुकानदाराला पाठवलेले असतील तर पाच दिवसांत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. हा नियम ठाऊक नसलेले ग्राहक बरेच आहेत.

नाव न छापलेला निबंध

टँडमच्याच काळात, १ एप्रिल १९८५ रोजी, ‘डेटामेशन’ मासिकात व्यवहारांचा वेग मोजण्याच्या पद्धतीवर एक लेख आला. लेखकाच्या जागी नावांऐवजी केवळ अनामिक आणि इतर असा उल्लेख होता. त्यामागे ग्रे आणि वेगवेगळ्या कंपन्यांमधले दोन डझन लोक होते. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्राचा वेग मनाला येईल तसा सांगत असे. या लेखाने एका काल्पनिक बँकेतल्या जमा-खर्चाचा नमुना ठरवून दिला आणि ९५ टक्के व्यवहार एका सेकंदाच्या आत व्हायला हवेत, अशी अट घातली. त्यातूनच पुढे १९८८मध्ये टीपीसी ही मोजमाप ठरवणारी संस्था उभी राहिली.

१९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ग्रे डिजिटल इक्विपमेंट कंपनीत होते, १९९५मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये आले. मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय वॉशिंग्टन राज्यात, पण ग्रे यांना सॅन फ्रान्सिस्को सोडायचे नव्हते, म्हणून संशोधनाची छोटी शाखा तिथेच सुरू झाली. १९९८मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार त्यांना जाहीर झाला. त्याच वर्षी त्यांच्या चमूने ‘टेरासर्व्हर’ हे संकेतस्थळ खुले केले. विमानातून आणि उपग्रहातून घेतलेली जमिनीची छायाचित्रे सामान्य माणसाला ब्राउझरमध्ये पाहता येऊ लागली. गुगल मॅप्स यायला तेव्हा सात वर्षे अवकाश होता.

नंतर त्यांचे लक्ष आकाशाकडे वळले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अलेक्झांडर सालाय यांच्यासोबत त्यांनी ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ या आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणाची माहिती एसक्यूएल डेटाबेसमध्ये आणली आणि ‘स्कायसर्व्हर’ नावाने सर्वांसाठी खुली केली. शाळकरी मुलालाही दीर्घिकांविषयी प्रश्न विचारता यावा, अशी सोय. माहिती इतकी अवजड की इंटरनेटवरून पाठवण्यापेक्षा डिस्कने भरलेला आख्खा संगणक कुरिअरने पाठवणे स्वस्त आणि जलद पडते, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले आणि तसे संगणक पाठवलेही. ११ जानेवारी २००७ रोजी त्यांनी एका व्याख्यानात प्रयोग, सिद्धान्त आणि संगणकीय प्रारूपे यांच्यानंतर प्रचंड माहितीवर आधारलेला विज्ञानाचा चौथा मार्ग कसा उघडतो आहे, याची मांडणी केली. ते त्यांचे शेवटचे मोठे व्याख्यान ठरले.

‘टेनेशस’चे काय झाले?

ग्रे यांना शिडाच्या बोटीचे वेड होते. रविवार, २८ जानेवारी २००७ रोजी ते आपल्या ४० फुटी ‘टेनेशस’ या बोटीतून एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. किनाऱ्यापासून सुमारे ४३ किलोमीटरवर फॅरलॉन बेटे आहेत. नुकत्याच वारलेल्या आईची रक्षा तिथे समुद्रात सोडायची होती. हवामान स्वच्छ होते. संध्याकाळी ते परतले नाहीत आणि पत्नीने कळवल्यावर शोध सुरू झाला.

अमेरिकी तटरक्षक दलाने विमाने, हेलिकॉप्टर आणि नौका घेऊन चार दिवस शोध घेतला. बुडाल्यास आपोआप संदेश पाठवणारे उपकरण बोटीवर होते, पण संदेश आला नाही. रेडिओवरून मदतीची हाकही नाही, तेलाचा तवंग नाही, फळकूटसुद्धा नाही. मग त्यांचे मित्र पुढे आले. डिजिटलग्लोब कंपनीने उपग्रहाचा कॅमेरा त्या समुद्राकडे वळवला, नासाच्या एका विमानानेही वरून छायाचित्रे घेतली. ती छायाचित्रे छोट्या चौकोनांत कापून ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या सेवेवर टाकण्यात आली आणि हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या एकेक चौकोन डोळ्यांखालून घातला. तितक्या उंचीवरून ४० फुटांची बोट म्हणजे काही ठिपके. लाटेचा फेस कुठला आणि शीड कुठले, हे ओळखणे कठीण होते.

१६ फेब्रुवारीला कुटुंबीयांनी आणि मित्रांनी पृष्ठभागावरचा शोध थांबवला. समुद्रतळाची पाहणी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत सुरू होती. त्यातही काही हाती लागले नाही. ३१ मे २००८ रोजी बर्कलीमध्ये त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांतले मित्र एकत्र जमले. ती शोकसभा म्हणून नव्हे, तर त्यांच्या कामाच्या गौरवाचा दिवस म्हणून आखण्यात आली होती, कारण तोवर त्यांच्या मृत्यूची कायदेशीर नोंद झालेली नव्हती. ती २०१२मध्ये न्यायालयाच्या आदेशाने झाली.